तीनशे शब्दांचा रकाना

एप्रिल संपत आला होता. वर्गात मुलं नव्हती, पंख्याला वीज नव्हती आणि मी निकालपत्रकांवर सह्या करत बसले होते. फोन वाजला. पूर्वी आमच्याच केंद्रातल्या शाळेत असलेल्या, आता बदलीनं जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला गेलेल्या मैत्रिणीनं एक लिंक पाठवली होती. खाली एवढंच : ‘भर गं. तुला मिळंल.’ शाळेतल्या शिक्षकांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत काही नवं शिकावं म्हणून एक संस्था पैसे देणार होती, ५०,००० रुपयांपर्यंत. गंमत अशी की प्रशिक्षण त्यांचं नव्हतं, विषयही त्यांचा नव्हता. काय शिकायचं, कुठं, कोणाकडून, किती दिवस आणि किती खर्चात, हे सगळं ज्याचं त्यानं सांगायचं. मी तिथंच फॉर्म उघडला. नाव, शाळेचा यू-डायस क्रमांक, रुजू दिनांक, व्यावसायिक अर्हता... भराभर भरत गेले. रकाने भरण्यात आमचा हात कोण धरणार! झोपेतून उठवलं तरी आम्ही इयत्तावार पटसंख्या, मुलं-मुली वेगळी करून सांगू. मग एक रकाना आला. ‘येत्या सुट्टीत तुम्हाला काय शिकायचे आहे? (कमाल ३०० शब्द)’

अंगठा तिथंच थांबला.

आधी वाटलं, उन्हानं डोकं चालत नाही, संध्याकाळी बघू. संध्याकाळी भाकऱ्या उरकल्यावर ओट्याशी उभी राहूनच पुन्हा उघडला आणि लिहिलं, ‘मला विद्यार्थ्यांना आनंददायी व कृतियुक्त पद्धतीने...’ ते वाक्य फारच ओळखीचं वाटलं. दर प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी अभिप्रायाच्या वहीत मी हेच तर लिहीत आलेय. शब्द तेवढे बदलतात, दर पाच-सात वर्षांनी वरून नवे येतात. एकेकाळी सगळं आनंददायी होतं, मग ज्ञानरचनावादी झालं, मग तंत्रस्नेही, आता अध्ययन निष्पत्ती. या शब्दांत काहीही न सांगता पानभर लिहिता येतं आणि मला ते छान जमतं, हे त्या रात्री ओट्याशी उभं राहून लक्षात आलं. खोडून टाकलं. रकाना पुन्हा पांढरा. तेवीस वर्षांच्या नोकरीत मला पुष्कळ काही विचारलं गेलंय. किती हजर, किती गैरहजर, तांदूळ किती शिल्लक, आधार किती मुलांचं राहिलंय, जंताच्या गोळ्या किती वाटल्या, शौचालयाला नळ आहे का, असला तर त्याला पाणी आहे का. तुला काय शिकायचंय, हे कुणी विचारलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मीही स्वतःला विचारलं नव्हतं. त्यामुळं राग आला तरी तो काढायचा कुणावर, तेही कळेना.

मे महिना म्हटला की माझ्या नाकात अजून खडू आणि घाम यांचा मिळून एक वास येतो. मी शिक्षणसेवक म्हणून लागले तेव्हा सर्व शिक्षा अभियानाचे दिवस होते. महिना ३,००० रुपये मानधन आणि वर्षाकाठी २० दिवसांच्या प्रशिक्षणाचा नियम. अभियानाच्या हिशेबात त्यासाठी माणशी दिवसाला ७० रुपये धरलेले. त्यात काय काय बसवायचं ते बसवणाऱ्यांनाच माहीत. तालुक्याची शाळा, डोक्यावर पत्रे, चौथीच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसलेली पन्नास मोठी माणसं. पाण्याच्या टाकीला साखळीनं बांधलेला एकुलता एक पेला. पहिलं सत्र परिपाठ आणि परिचयात जायचं, मग टाळ्यांचे प्रकार. एका बोटाची टाळी, दोन बोटांची, असं करत करत पावसाची टाळी. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले मुख्याध्यापक मान खाली घालून पाऊस पाडायचे आणि बाहेर बेचाळीस अंशांचं ऊन. शिकवणारे सुलभक आमच्यातलेच. ते तीन दिवस आधी जिल्ह्याला जाऊन शिकून आलेले, जिल्ह्याचे पुण्याहून शिकून आलेले. पुण्यात भरलेली घागर हातोहात आमच्यापर्यंत येईस्तोवर ओंजळभर उरायची. त्या ओंजळीवर वीस दिवस काढायचे.

पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारायचंच, ‘प्रमाणपत्र कधी मिळणार?’ बाहेरच्यांना यात शिक्षकांचा कोतेपणा दिसतो. पण त्यामागं एक साधा हिशेब आहे. आम्ही सुट्टीवाल्या खात्यातली माणसं. पूर्ण सुट्टी भोगली की अर्जित रजा नाही. मात्र सुट्टीत कामाला बोलावलं, तर तेवढ्या दिवसांच्या प्रमाणात रजा सेवापुस्तकात जमा होते. महाराष्ट्र नागरी सेवा रजा नियम, १९८१ मध्ये तशी सोय आहे. म्हणजे उन्हाळा विकायचा आणि रजा विकत घ्यायची. आमच्या एका गुरुजींनी असे कितीतरी उन्हाळे साठवले आणि बायकोच्या आजारपणात एका हिवाळ्यात सगळे खर्चून टाकले. प्रशिक्षणात काय शिकलो ते त्यांना आठवत नसेल. प्रमाणपत्रं मात्र त्यांनी क्रमानं लावून ठेवली होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत, वाळवी लागू नये म्हणून.

सगळंच वाया गेलं असं मात्र नाही. एका उन्हाळ्यात एक म्हातारे मार्गदर्शक आले होते. त्यांनी प्रशिक्षणाचं पुस्तक, घटकसंच, उघडलंच नाही. फळ्यावर लिहिलं, अर्धा भागिले पाव, आणि विचारलं, ‘उत्तर सांगा.’ पन्नास तोंडांतून एकदम दोन. ‘कसं आलं?’ पन्नास तोंडांतून एकदम, ‘खालचा उलटा करून गुणायचं.’ ‘ते कळलं. पण अर्ध्याला भागलं तर दोन कसे झाले? भागल्यावर वाढलं कसं?’ सगळे गप्प. पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी माझ्याच डब्यातली अर्धी भाकर उचलली, तिचे चतकोर केले आणि म्हणाले, ‘अर्ध्या भाकरीत चतकोर किती?’ सत्तावीस वर्षांची होते मी. डीएड झालेलं, चार वर्षं मुलांना तेच शिकवलेलं. खालचा उलटा करून गुणा. भाकरी खाताना मला हसू आलं, मग घशात काहीतरी अडकलं, ते भाकरीमुळं की कशामुळं ते कुणाला सांगितलं नाही. त्या दिवसाबद्दल अभिप्रायाच्या वहीत मी काय लिहिलं होतं? तेच. आनंददायी व कृतियुक्त.

पैसे हातात देऊन ‘बघा तुमचं तुम्ही’ म्हणण्याचा एक छोटा नमुना आम्हीही पाहिला आहे. वर्षाला ५०० रुपयांचं शिक्षक अनुदान यायचं, शैक्षणिक साहित्यासाठी. बहुतेकांचं ते थर्माकोल, घोटीव कागद आणि दुकानातल्या छापील तक्त्यांत जायचं, कारण त्याची पावती सरळ मिळायची. दुकानदारही इतका तयार की पाचशेचं बिल आधीच करून ठेवायचा, तारीख तेवढी आपण सांगायची. एका वर्षी मी हट्टानं ताणकाटा आणला. दहा किलोपर्यंतचा, पितळी आकड्याचा. पोरांनी त्याला दप्तरं टांगली, चपला टांगल्या, एकानं शेजारच्या घरची कोंबडी टांगली. महिनाभर वर्गात दुसरा विषय नव्हता. तपासणीला आलेल्या साहेबांनी भिंती बघितल्या आणि विचारलं, ‘तक्ते कुठेत?’ मी ताणकाटा दाखवला. त्यांनी तो हातात घेऊन ओढून पाहिला, काटा खाली गेला तसे किंचित हसलेही, आणि शेरा लिहिला : वर्गसजावट अपुरी.

पुढं उलटी गंगाही पाहिली. बारा वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी लागते, त्यासाठी प्रशिक्षण हवं. ते रखडत रखडत शेवटी ऑनलाइन आलं, तेव्हा नोंदणीला माणशी २,००० रुपये आम्हीच भरले. पैशाचं दुःख नव्हतं. मोबाईलवर व्हिडिओ चालू ठेवून मी मेथी निवडायची आणि मधूनच प्रश्न आला की ओल्या बोटानं उत्तर दाबायची, याचं थोडं वाटायचं. पण थोडंच. कोठारी आयोगानं १९६६ साली लिहून ठेवलं होतं की दर पाच वर्षांत शिक्षकाला दोन-तीन महिने तरी शिकायला मिळावं. नव्या शैक्षणिक धोरणात वर्षाला ५० तासांच्या निरंतर व्यावसायिक विकासाची अपेक्षा आहे. महिन्यांचे तास झाले आणि मेथीच्या जुड्या मोजल्या तर तासही भरतील.

स्वतःच्या हौसेनं, पदरमोड करून शिकायला गेलो, असंही एकदा झालंय. दहाएक वर्षांपूर्वी साताऱ्याकडच्या कुमठे बीटातल्या शाळांचं नाव राज्यभर गाजत होतं. फळे भिंतीवरून खाली मुलांच्या उंचीला आलेत, फरश्यांवर रंगानं गणितं मांडलीत, पोरं आपली आपण शिकतायत, असं जो तो सांगायचा. आम्ही नऊ जणांनी क्रूझर ठरवली, दोन दिवसांच्या किरकोळ रजा टाकल्या, वर्गणी काढली. रात्रभर प्रवास, कुणाच्या तरी मांडीवर कुणाचं तरी डोकं. पहाटे एका धाब्यावर तोंडं धुतली आणि साडेदहाला त्या वर्गाच्या दारात उभे राहिलो. तिथल्या मुलांना बघ्यांची इतकी सवय झालेली की त्यांनी वर मानसुद्धा केली नाही. एक मुलगी गोट्या मोजत होती, चुकली, पुन्हा सगळ्या एकत्र केल्या, पुन्हा मोजायला लागली. कुणी तिला ‘चुकलं’ म्हणालं नाही. नऊच्या नऊ जण दारात उभे राहून एका मुलीचं चुकणं बघत होतो. परत आल्यावर आम्ही काय केलं? फरशी रंगवली. लाल, पिवळी, निळी. ती मुलगी कशी चुकत होती आणि तिच्या बाई त्या वेळी गप्प कशा राहत होत्या, ते काही डब्यातल्या रंगात येत नव्हतं. आमच्या फरशीचे फोटो मात्र केंद्राच्या गटावर सर्वांना आवडले.

तर रकाना. दुसऱ्या रात्री मी फोनवर शोधलं, इतर लोक असल्या फॉर्ममध्ये लिहितात तरी काय. अमेरिकेत हा प्रकार जुना दिसला. तिथल्या इंडियाना राज्यात १९८७ पासून शिक्षकांना उन्हाळ्यासाठी असे पैसे मिळतात. फंड फॉर टीचर्स म्हणून एक संस्था एकट्या शिक्षकाला ५,००० डॉलरपर्यंत देते, आणि बेत शिक्षकाचा. कुणी ज्वालामुखी बघायला जातं, कुणी युद्धातल्या कबरी, कुणी आजोबांची भाषा शिकायला त्यांच्या देशात. वाचताना हेवा वाटला, मग हेव्याचाच थोडा कंटाळा आला. मला ज्वालामुखी बघायचा आहे का? समुद्र बघायचा आहे नीट, हे खरं. पेटी शिकायची आहे, हेही खरं. शाळेतली पेटी गेली कित्येक वर्षं कपाटावर आहे, एक सूर दाबला की दोन वाजतात. इंग्रजी न अडखळता बोलायचं आहे. पोहायचं आहे. एकेक लिहिलं आणि एकेक खोडलं. प्रत्येकामागं एक प्रश्न उभाच राहायचा की याचा मुलांना काय उपयोग. ही सवयही शाळेनंच लावलेली. शिकण्याचं सुद्धा उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं. हे पलीकडे बातम्या बघत होते. म्हणाले, ‘कॉम्प्युटर लिही. हमखास मिळतं.’

तिसऱ्या दिवशी गावात गाड्या उतरायला लागल्या.

आमचं गाव बालाघाटच्या डोंगरात. दिवाळीच्या मागंपुढं अर्धं गाव मुकादमाकडून, म्हणजे टोळ्या जमवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल म्हणून आगाऊ पैसे घेतं, कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडं, कर्नाटकाकडं ऊसतोडीला जातं आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की परत येतं. ज्यांची आजी मागं राहते किंवा ज्यांना हंगामी वसतिगृहात ठेवता येतं, ती पोरं राहतात. बाकीच्यांना आम्ही शिक्षण हमी कार्ड देतो, म्हणजे जिथं जातील तिथल्या शाळेत बसता यावं. कार्डं कधी परत येतात, कधी येत नाहीत. पोरं येतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पत्रे, बांबू, भांडी, शेळी, वर बांधलेली बाज, आणि त्या बाजेवर आमची पोरं, उन्हानं केस तांबडे झालेली. अंगाला उसाच्या पाचटाचा आणि मळीचा वास. शाळेच्या हापशावर येऊन पाणी पितात आणि मला बघून हसतात, पाहुण्यासारखी. त्या दिवशी असाच एक ट्रॅक्टर शाळेपाशी थांबला, एक पोरगी उतरली, आणि मला मंगल आठवली. मंगल म्हणू, खरं नाव इथं नको.

बारा-तेरा वर्षं झाली असतील. चौथीत होती. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तोडीवरून परत आलेली, आणि वर्गात माझी हातच्याची वजाबाकी चाललेली. तिला तो ताणकाटा फार आवडायचा. आल्या आल्या तिनं विचारलं होतं, ‘बाई, याच्यात मोळी बसंल का?’ मी म्हटलं, याच्यात दहाच किलो बसतं. ‘मग काय कामाचा,’ म्हणाली आणि ठेवून दिला. मी फळ्यावर शाब्दिक उदाहरण घातलं. रामूकडे ४०० आंबे होते, त्याने १७५ विकले, तर किती उरले? तिनं पाटीवर काही मांडलं नाही. उभी राहिली आणि म्हणाली, ‘बाई, इकल्यावर उरतंय ते कमीच ना?’ कमीच. ‘मग गेल्या साली बापाकडं मुकादमाचे अठरा हजार राहिले होते. औंदा उचल पन्नास घेतली. काम तर जास्त केलं, मीबी मोळ्या बांधल्या. तर आता एकतीस राहिलेत म्हणं. वजा करूनबी वाढतंय कसं?’

वर्गात कुणी हसलं नाही. त्या वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घरी हेच गणित होतं. मी काय उत्तर दिलं, ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हटलं, ‘ते वेगळं गणित असतं. आधी हे सोडव.’ तिनं सोडवलं. दोनशे पंचवीस, बरोबर. मी पाटीवर बरोबरची खूण केली.

मला माहीत नव्हतं, एवढंच खरं कारण. अठरा आणि पन्नास अडुसष्ट होतात इथपर्यंत माझं गणित चालतं. पुढं टनाचा भाव किती, दोघांनी मिळून दिवसात किती टन तोडला, वजन कुणी केलं, कोणाच्या समोर केलं, आजारपणात दिवस बुडला की त्याचा खाडा किती धरतात, मधल्या बाजाराला दिलेले पैसे कुठं लिहितात, बाकीवर व्याज चढतं का, चढलं तर कोणत्या दरानं, हे मला तेव्हाही ठाऊक नव्हतं आणि आजही धड नाही. मुलांना सरळव्याज शिकवते मी. मुद्दल गुणिले दर गुणिले काळ, भागिले शंभर. पुस्तकातला सावकार फार सज्जन असतो, त्याच्याकडं खाडा नसतो. त्या म्हाताऱ्या मार्गदर्शकांनी मला विचारलं होतं, भागल्यावर वाढलं कसं. मंगलनं विचारलं, वजा केल्यावर वाढलं कसं. पहिल्याचं उत्तर भाकरीत मिळालं. दुसरं पोरीलाच परत दिलं आणि वर बरोबरची खूण केली.

मध्य प्रदेशात १९७२ साली सोळा शाळांतून सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमाबद्दल मी पुढं कधीतरी वाचलं. तिथंही शिक्षकांचं प्रशिक्षण उन्हाळ्यातच व्हायचं, चांगलं तीन-तीन आठवडे, आणि विद्यापीठातले शास्त्रज्ञ नि खेड्यातले गुरुजी एकाच टेबलावर प्रयोग करायचे, चुकायचेही एकत्र. टेल्को या मोटार कंपनीतून रजा घेऊन अभियंते अरविंद गुप्ता तिथंच गेले होते आणि काड्यापेटीतल्या काड्यांची त्यांची खेळणी तिथंच जन्मली. मला त्यातला सवालीराम सगळ्यात आवडला. सवालीराम नावाचा माणूसच नव्हता. मुलांनी त्याला पत्रानं प्रश्न पाठवायचे आणि कुणीतरी शोधून, कुणाला तरी विचारून उत्तर पाठवायचं. तीस वर्षं चालून २००२ मध्ये सरकारी निर्णयानं तो कार्यक्रम बंद झाला. मंगलनं प्रश्न विचारला तोवर त्यालाही दहाएक वर्षं झाली होती. नाहीतर सवालीरामला पाठवला असता. पत्त्यावर गेला असता. कुणीतरी मुकादमाची वही बघायला निघालं असतं.

चौथ्या रात्री मी रकान्यात लिहिलं : ऊसतोडीच्या उचलीचा हिशेब कसा मांडतात ते मला शिकायचं आहे. आणखी आठ-दहा वाक्यं लिहिली. तीनशे शब्द झाले नाहीत, शंभरच्या आत संपलं. वाचून बघितलं तेव्हा भीती वाटली, पण ओळखीचं एकही वाक्य नव्हतं.

पुढचा रकाना कालावधीचा. १ मे ते १० जूनच्या आतच हवा. झालं, मनात म्हटलं, हंगाम तर संपला, आता फडावर जाऊन कुणाला काय विचारणार? फोन ठेवून दिला. आणि मग अंथरुणावर पडल्या पडल्या लक्षात आलं की मीच किती वेंधळी. तोड हिवाळ्यात असते. हिशेब असतो मे महिन्यात. गाड्या उतरल्या की आठ-पंधरा दिवसांत मुकादम वही घेऊन बसतो, आमच्या शाळेच्या कुंपणापलीकडच्या लिंबाखाली, आणि कोयत्या-कोयत्याचा, म्हणजे तोडणाऱ्या एकेका जोडप्याचा, हिशेब सांगतो. ते मी पाहिलेलं आहे. दर उन्हाळ्यात पाहिलेलं आहे, सकाळी साडेसातच्या एसटीच्या खिडकीतून, पर्समध्ये प्रशिक्षणाचं पत्र ठेवून तालुक्याला जाताना. उकिडवी बसलेली माणसं, मधोमध एक लांबट वही, मागं उभ्या बायका. एसटी वळायची आणि लिंब दिसेनासा व्हायचा. तेवीस मे महिने.

मुकादमाबद्दल वाईटच लिहावं असंही मला वाटत नाही, आणि हे लिहायला अवघड जातंय. ज्याची वही मला बघायची आहे तो शाळा व्यवस्थापन समितीत आहे. वर्गातले दोन पंखे त्यानं दिलेत. त्याची नातवंडं माझ्या वर्गात आहेत. त्यानं कारखान्याकडून उचल घेतलेली असते आणि चार जण पैसे घेऊन पळाले की त्याचंही शेत गहाण पडतं, असं त्याची बायको हापशावर मला सांगते. तिचंही खरं असेल. वही बघितल्याशिवाय मी कुणाच्या बाजूनं बोलणार? आणि बघितल्यावर पुन्हा त्याच पंख्याखाली शिकवायचं आहे.

शेवटचं पान खर्चाचं होतं. प्रवास : शाळेच्या कुंपणापलीकडं. निवास : घरी. दोन्हींत शून्य टाकलं. पुढं ‘मार्गदर्शक/तज्ज्ञ व्यक्ती’ आणि तिचं मानधन. इथं मात्र मला विचार करावा लागला नाही. मंगल आता शेजारच्या गावात असते. सातवीनंतर तिच्या नावापुढं आम्ही सतत गैरहजर लिहीत गेलो आणि मग लग्नच झालं. लाडक्या बहिणीच्या फॉर्मच्या वेळी शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आली होती, कडेवर एक आणि बोटाला एक. नवरा-बायको मिळून कोयता आहेत. तेव्हाच नंबर घेतला होता. तज्ज्ञ व्यक्तीचं नाव टाकलं. अनुभव : लहानपणापासून. मग शैक्षणिक अर्हता, तिथं यादीतून निवडायचं होतं. यादी पदवीधरपासून सुरू होत होती. वर सरकवून बघितलं, खाली सरकवून बघितलं. पदवीधर, पदव्युत्तर, विद्यावाचस्पती, इतर. ‘इतर’वर बोट ठेवलं आणि म्हटलं, आधी तिला तर विचारावं.

फोन तिनंच उचलला. मागं पोराचं रडणं, तव्यावर उलथन्याचा आवाज. मी सगळं सांगितलं. मला उचलीचा हिशेब शिकायचाय, खाड्यासकट, पहिल्यापासून, आठ-दहा दिवस लागतील, तू शिकव, तुला त्याचे पैसे मिळतील, म्हणजे मंजूर झालं तर. पलीकडं बराच वेळ काही नाही.

‘मी? तुमाला?’

‘हो.’

‘आन् मुकादमाला कळलं तर?’

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. मी म्हटलं, तुझं नाव कुठं येऊ देणार नाही, आणि म्हणता म्हणता समोरच्या फॉर्ममध्ये तिचं नाव दिसत होतं, लाल फुलीच्या खुणेसह, म्हणजे भरणं बंधनकारक. मी ते खोडलं. रकाना पुन्हा रिकामा झाला. ती तिकडं पोराला काहीतरी म्हणाली, तवा उतरवल्याचा आवाज आला.

‘बाई,’ ती म्हणाली, ‘रोजानं का गुत्त्यानं?’